जबलपूरची तळटीप

नागपूरची माणसं जबलपूरला जातात ती संगमरवराचे कडे पाहायला. मी गेलो तो एका गृहस्थाच्या मृत्यूचं साल विचारायला. परत आल्यावर सगळ्यांनी मला कड्यांविषयीच विचारलं. कडे चांगले आहेत. त्यांच्याविषयी पुढे थोडं सांगेन. बाकीची हकिगत त्या गृहस्थाची आहे.

तेव्हा मी नानासाहेबांकडे कामाला होतो. नानासाहेब नागपूरचे मोठे वकील, आणि नव्या घटना-कायद्यावर इंग्रजीत एक जाडजूड ग्रंथ लिहीत होते. ग्रंथ त्यांचा, तळटिपा माझ्या. कोणत्या विधानाला कोणाचा दाखला द्यायचा, पान कोणतं, आवृत्ती कितवी, हे मी पाहायचो. कोर्टात मी जात नसे. माझा आवाज लहान आहे. ग्रंथाच्या पहिल्या पानावर, खाली, बारीक अक्षरांत 'साहाय्यक' म्हणून माझं नाव घालायचं नानासाहेबांनी कबूल केलं होतं, आणि माझ्या वडिलांनी ते गावात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

ग्रंथाचं चौथं प्रकरण एका वाक्यावर उभं होतं. प्रांताच्या कायदेमंडळाला एखादा विषय सोपवला की त्या विषयात ते धनी. कोर्टाने मधे पडू नये, असं ते वाक्य. ते 'कैलासवासी द. का. सोनटक्के, जबलपूर' यांचं होतं. मागच्या घटना-सुधारणांच्या वेळी त्यांनी एका कायदेविषयक मासिकात लेख लिहिला होता. मासिक पुढे बंद पडलं आणि नागपुरात त्याचे जे अंक होते ते वाळवीने वाचले. पण तीन ग्रंथांत त्या लेखाचा दाखला होता. पहिल्याने लेखाचा आधार घेतला होता, दुसऱ्याने पहिल्याचा, तिसऱ्याने दुसऱ्याचा. आमच्या धंद्यात याला एकमत म्हणतात.

अडचण अशी की तीन ग्रंथांत मिळून पान नंबर दोन होते. आणि मृत्यूचं साल कुठेच नव्हतं. हे साल लागतं. कोर्टाची एक जुनी, विलायतेहून आलेली रीत आहे: हयात लेखकाचं पुस्तक आधार म्हणून वाचत नाहीत. जिवंत माणूस उद्या मत बदलेल. मेलेल्याचा भरवसा असतो.

"पान आणि साल," नानासाहेब म्हणाले. "वारसांना भेट. गोड बोल."

दिवाळी आटोपली होती. आमच्याच प्रांताने पेट्रोलच्या विक्रीवर बसवलेला कर त्या हिवाळ्यात दिल्लीच्या फेडरल कोर्टापर्यंत गेला होता, त्यामुळे घटनेवरची पुस्तकं काढायची सगळ्यांनाच घाई होती. मी चौथ्या प्रकरणाची मुद्रितं पिशवीत घातली आणि निघालो.

गोंदियाच्या पुढे

गोंदियाला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसावं लागतं. ही गाडी इतकी अरुंद आहे की समोरच्या माणसाशी ओळख केल्याशिवाय पाय ठेवता येत नाहीत. माझ्या समोर बालाघाटचे एक लाकडाचे व्यापारी होते. कुठे चाललात, कशासाठी, असं त्यांनी रीतसर विचारलं. एक गृहस्थ वारले त्यांच्या घरी चाललो, म्हटलं. त्यांनी मला दोन पेरू दिले आणि नैनपूरपर्यंत ते माझ्याशी हळू आवाजात बोलले. केव्हा वारले असं विचारल्यावर मी म्हणालो, तेच विचारायला चाललो आहे. त्यानंतर ते खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर सालाचं जंगल होतं आणि पाहण्यासारखं होतं.

बडा फुहारा

जबलपूरची थंडी नागपूरपेक्षा एक घोंगडी जास्त आहे. सकाळी स्टेशनावर उतरलो आणि टांगेवाल्याला सांगितलं, बडा फुहाऱ्याजवळ स्वर्गीय सोनटक्के वकिलांकडे जायचं आहे.

"स्वर्गीय?" तो म्हणाला. "कब हुए?"

"बहोत साल हुए."

"कल तो सब्ज़ी ले रहे थे."

म्हटलं, ते दुसरे कोणी असतील, भाऊबंद असतील. "अच्छा," तो म्हणाला आणि घोडा हाकला. वाटेत मात्र तो दोनदा वळून माझ्याकडे पाहत होता.

बडा फुहारा हा कापडबाजार. आपल्याकडे इतवारीत असते तशी गर्दी. फरक एवढाच की दुकानदार गिऱ्हाइकाला बोलावत नाहीत, नुसते जी म्हणून थांबतात. शोकाच्या घरी रिकाम्या पोटी जाऊ नये म्हणून मी आधी हलवायाकडे गेलो. तिथे खोव्याची जिलबी मिळते. ही काळी, जाड आणि मऊ असते, आणि आपल्या जिलबीशी तिचं नातं नावापुरतंच. खाताना ती मधोमध तुटली आणि पाक पिशवीत, मुद्रितांवर सांडला. चौथ्या प्रकरणाची पहिली तीन पानं एकमेकांना चिकटली. ती मी पुढे कधीच सोडवू शकलो नाही.

घर एका कापडाच्या दुकानाच्या वर होतं. जिना चढून कडी वाजवली. गळ्याला लोकरीचं मफलर गुंडाळलेल्या, उंच, वाळक्या म्हाताऱ्याने दार उघडलं. त्यांच्या हातात अर्धवट सोललेला शिंगाडा होता.

"कैलासवासी सोनटक्के वकिलांचं घर हेच का?"

"हेच."

"घरात कोणी वडीलधारं आहे का? वारसांपैकी?"

"पोरगी शाळेत शिकवायला गेली. बायको देवळात. मी आहे."

"आपण त्यांचे कोण?"

त्यांनी शिंगाड्याची उरलेली साल काढली. "मीच तो," ते म्हणाले. "या, बसा. शिंगाडे घ्या, आत्ताच उकडले."

मी बसलो. माणूस मेलेला नाही हे कळल्यावर काय बोलतात याची रीत आपल्याकडे नाही. मी म्हणालो, भेटून आनंद झाला.

"कोणत्या पुस्तकात वाचलं?" त्यांनी विचारलं. "तिसऱ्यात असंल. पहिल्यात मी मेलेलो नाही."

त्यांना जबलपुरात सगळे भैयाजी म्हणतात. मीही पुढे तसंच म्हणतो. भैयाजींनी मला त्यांच्या मृत्यूचं कारण सांगितलं. मध्यंतरी आजारपणामुळे त्यांनी काही वर्षं वकिली सोडली होती. तेव्हा पहिल्या ग्रंथकाराने लिहिलं, 'सोनटक्के, लेट ऑफ द जबलपूर बार', म्हणजे पूर्वी इथे वकिली करणारे. ते बरोबर होतं. दुसऱ्या ग्रंथकाराला जागा कमी पडली. त्याने मधले शब्द गाळले आणि 'लेट सोनटक्के', म्हणजे कैलासवासी, एवढेच ठेवले. तिसऱ्याने तेच उतरवून घेतलं.

"आणि तुम्ही कळवलं नाहीत?"

"काय कळवू? मी जिवंत आहे म्हणून? त्याहून मोठी गोष्ट कळवली होती, तिचंच काही झालं नाही." त्यांनी शिंगाड्याची साल ताटलीत ठेवली. "ते वाक्य माझं नाही. म्हणजे लिहिलं मीच. 'काही लोक असं म्हणतात' म्हणून लिहिलं, आणि पुढची सगळी पानं ते कसं चूक आहे हे सांगितलं. त्या माणसाने पान उलटलंच नाही. मी माझ्याजवळचा अंक त्याला पाठवला, खुणा करून. त्याचं उत्तर आलं, आपल्या कौतुकाबद्दल आभारी आहे. पुढच्या आवृत्तीत माझ्या नावाआधी 'विद्वान' घातलं. अंक परत आला नाही."

मी पान नंबर विचारायला आलो होतो, हे मला आठवलं. विचारलं नाही.

"काहून, तुम्हीही पुस्तक लिहून राहिले का?"

"माझे वरिष्ठ लिहितात. नागपूरचे नानासाहेब."

भैयाजींचा हात थांबला. "परवा माझं अपील आहे, जिल्हा जज्जांपुढे. समोरच्यांनी नागपूरहून मोठा वकील आणला म्हणतात. नानासाहेब म्हणून."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नानासाहेबांची कोर्टाची बाजू दुसरा ज्युनिअर पाहत असे. मी तसं सांगितलं.

"अच्छा," भैयाजी म्हणाले. "मग जेवूनच जा."

जेवण

घरातल्या दोघी दुपारी आल्या. काकू ठेंगण्या, बोलणं कमी. मुलगी विमल तिशीची, मुलींच्या शाळेत शिकवते. मी कोण हे कळल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि आतलं बोलणं बाहेर ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलली.

"आई, हे त्या लोकांचे आहेत. इनको क्यों खिला रहे हैं?"

"पाहुणा आहे," काकू म्हणाल्या. "कोणाचा आहे ते जेवल्यावर पाहू."

ही मंडळी मराठी बोलतात ती आपल्या नागपुरी वळणाचीच, पण दर तिसऱ्या वाक्याला हिंदीत जातात आणि परत येतात. यांचे पूर्वज भोसल्यांच्या चाकरीत इकडे आले आणि राहिले. जेवणही तसंच. वांग्याचं भरीत आपलं, वर कोथिंबिरीऐवजी कच्चे मटार. कढी आपली, गोडी त्यांची. भात शेवटी.

जेवताना अपिलाची हकिगत कळली. गोहलपुरात बिडीचे छोटे कारखाने आहेत. कारखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बंडलावर प्रांत सरकारचा नवा कर बसला होता. ज्यांनी भरला नाही त्यांची बंडलं जप्त झाली. भैयाजींचं म्हणणं, माल तयार होतो तिथेच त्याच्यावर बसलेला कर हा उत्पादनावरचा कर. तो बसवायचा हक्क नव्या कायद्याने दिल्लीला दिला आहे, प्रांताला नाही. मुन्सफाच्या कोर्टात समोरच्या वकिलाने उठून तिसरा ग्रंथ उघडला आणि वाचून दाखवलं: कोर्टाने मधे पडू नये, असं कैलासवासी सोनटक्के म्हणतात.

"मुन्सफ नवे होते," भैयाजी म्हणाले. "मला विचारलं, कैलासवासी सोनटक्के तुमचे कोण. मी म्हटलं, मीच. त्यांना वाटलं मी थट्टा करून राहिलो. मी सांगत बसलो, मी असं म्हटलंच नाही. ते म्हणाले, पुरावा आणा. अंक कुठून आणू? तीन छापील पुस्तकं म्हणतात मी म्हटलं. मी एकटा म्हणतो नाही म्हटलं. हरलो."

"लोक रस्त्यात विचारतात," विमल म्हणाली. "की बाबांनी आपल्याच अशिलांविरुद्ध पुस्तक लिहिलं का."

तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो. म्हणालो, मला तर पान नंबरापेक्षा मृत्यूचं साल आणायला पाठवलं होतं. लेखक हयात असेल तर त्याचं पुस्तक कोर्टात वाचता येत नाही ना, म्हणून.

भैयाजींचा घास हातातच राहिला. काकू वाढता वाढता थांबल्या. मी काय बोलून बसलो ते मला सगळ्यांच्या नंतर कळलं.

"मी सबंध दिवस भांडलो की मी हे म्हटलं नाही," भैयाजी सावकाश म्हणाले. "मी जिवंत आहे हे म्हणायचं सुचलंच नाही."

"ते दिसत होतं, म्हणून," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी मला आणखी भात वाढला.

गोहलपूर

दुसऱ्या दिवशी भैयाजी मला गोहलपुरात घेऊन गेले. का नेलं ते त्यांनी सांगितलं नाही. मी उतरलो होतो धर्मशाळेत, पण सकाळी ते खाली टांगा घेऊन उभे होते.

गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना उघडी दुकानं, कुठे मागाचा खटखटाट, कुठे तेंदूची पानं भिजत घातलेली. त्यांचे अशील इस्माईल मियाँ एका खोलीत बसले होते. पन्नाशीचे, अंगाने भरलेले. समोर सुपं रिकामी. ही सुपं मांडीवर घेऊन बिड्या वळतात. आत पडद्यामागे बायका बसल्या होत्या, पण पानं कापणाऱ्या कात्रीचा आवाज येत नव्हता.

"पत्ता है, तंबाखू है," इस्माईल मियाँ म्हणाले. "बनाएँ तो दरवाज़े पर पकड़ लेते हैं. न बनाएँ तो ये औरतें क्या खाएँ?"

भैयाजींनी माझी ओळख करून दिली. "ये उधर वाले बड़े वकील साहब के आदमी हैं."

इस्माईल मियाँनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग पडद्याकडे तोंड करून चहा सांगितला. तो आला. चहा पिताना पडद्याच्या खालून मला पायांची एक रांग दिसत होती. मी चौथं प्रकरण किती वेळा वाचलं होतं ते सांगत नाही, पण त्यात बिडीचा उल्लेख कुठे नव्हता.

तिथून मी एकटाच कचेरीत, वकिलांच्या खोलीत गेलो. हे माझं कामच होतं. पाठवलं होतं चौकशीला, तर चौकशी पुरी करायला हवी होती. तिथे दोन म्हातारे वकील उन्हात बसले होते. मी विचारलं, मासिकात लेख लिहिणारे द. का. सोनटक्के कोण? दोघांनी भैयाजींचं नाव घेतलं. छापायला पाठवण्याआधी त्यांनी तो लेख याच खोलीत सगळ्यांना वाचून दाखवला होता.

"लेखाचा सूर काय होता?"

"कोर्टाने पाहायलाच हवं, असा," एक म्हणाले.

"मी झोपलो होतो," दुसरे म्हणाले. "लांब होता."

भेडाघाट, आणि सिव्हिल लाइन्स

दुपार मोकळी होती, म्हणून भेडाघाटला गेलो. नर्मदा दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या कड्यांमधून जाते. नाव वल्हवणारा माणूस प्रत्येक खडकात काहीतरी दाखवतो: हत्ती, घोडा, जटा. नाही दिसलं तर तो नाव थांबवतो. मला एकच गोष्ट दिसत होती, वकिलांच्या खोलीत कळलेली: संध्याकाळी नानासाहेब येणार. मी सगळ्या खडकांना हो म्हणत गेलो. धुवांधार धबधब्याचा आवाज इतका आहे की तिथे स्वतःशी बोललेलं स्वतःलाही ऐकू येत नाही. तिथे मी बराच वेळ थांबलो.

नानासाहेब सिव्हिल लाइन्समध्ये एका स्नेह्यांच्या बंगल्यावर उतरले होते. मला पाहून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"पान?"

"मिळालं नाही."

"साल?"

"सोनटक्के हयात आहेत. उद्या तुमच्यासमोर तेच उभे राहणार आहेत."

नानासाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी सगळं सांगितलं. वाक्य उलट्या अर्थाचं आहे, हे. जेवताना माझ्या तोंडून काय निघालं, तेही.

"हे सोनटक्के तेच कशावरून?"

"त्यांना लेख तोंडपाठ आहे."

"लेख तू पाहिलास?"

"नाही."

"मग ते म्हणतात तो लेखच, हे कशावरून?"

मी वकिलांच्या खोलीतल्या दोघांचं सांगितलं.

"त्यातला एक झोपला होता," नानासाहेब म्हणाले. "शेषराव, तीन ग्रंथ एका बाजूला आहेत. माझा चौथा. आपण ग्रंथ पाहतो, माणसं नाही पाहत. माणसं पाहायला लागलो तर एकही तळटीप उभी राहणार नाही." ते रागावले नव्हते. खरोखर समजावून सांगत होते. "उद्या कोर्टात मागे बस. कोणी विचारलं तर ठाऊक नाही म्हण. ते खोटंही नाही. तुला खरंच ठाऊक नाही."

धर्मशाळेकडे चालत येताना मी त्या वाक्यात चूक शोधत होतो. सापडली नाही. लेख मी पाहिलेला नव्हता. पण पडद्याखालची पायांची रांग माझ्या डोळ्यांपुढून जात नव्हती, आणि वडिलांनी गावात ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांची तोंडंही.

कचेरी

कोर्ट भरलेलं होतं. इस्माईल मियाँ आणि गोहलपूरची माणसं मागच्या भिंतीला टेकून उभी होती. मी त्यांच्या पुढच्या बाकावर बसलो. भैयाजींनी काळा कोट घातला होता. त्याच्या बाह्या आखूड झाल्या होत्या. मफलर घरी ठेवलं होतं, त्यामुळे ते आणखी वाळके दिसत होते. विमल शाळेतून रजा घेऊन आली होती आणि माझ्याकडे पाहत नव्हती.

जज्ज पोक्त होते. नानासाहेबांनी प्रस्तावना केली आणि तिसरा ग्रंथ उघडला. "या मुद्द्यावर कैलासवासी सोनटक्के यांचं मत सर्वमान्य आहे."

भैयाजी उठले. "माझी हरकत आहे. हयात लेखकाचा ग्रंथ आधार म्हणून वाचता येत नाही. लेखक हयात आहे."

"कशावरून?" जज्जांनी विचारलं.

"तो मी आहे."

मागे कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. नानासाहेब शांतपणे म्हणाले, एका नावाची दोन माणसं असू शकतात. आणि अपीलवाल्यांचे वकील स्वतःच स्वतःचे साक्षीदार होऊ शकत नाहीत. हे बरोबर होतं. जज्जांनी मान हलवली.

"या लेखकाची कोणी चौकशी केली आहे का?" त्यांनी विचारलं. "ग्रंथात मृत्यूचं साल नाही."

भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे काही लोकांनी नागपुरात वेगळं सांगितलं. ते खाली, आपल्या हातांकडे पाहत होते. नानासाहेबही समोरच पाहत होते.

मी उठलो. माझा आवाज लहान आहे; जज्जांनी मला पुढे यायला सांगितलं. मी पुढे गेलो आणि म्हणालो, नानासाहेबांनी मला मृत्यूचं साल शोधायला जबलपूरला पाठवलं होतं. मी शोधलं. ते मिळालं नाही, कारण मृत्यू झालेला नाही. लेख यांनीच लिहिला, असं इथले जुने वकील सांगतात.

"कोणते?"

दोघेही म्हातारे तिथेच बसले होते. पहिल्यांनी सांगितलं, हो, हेच. जज्जांनी दुसऱ्यांना विचारलं.

"मी झोपलो होतो, महाराज," ते म्हणाले. "पण झोप लागली तेव्हा वाचत हेच होते, आणि जाग आली तेव्हाही हेच."

जज्जांनी ग्रंथ मिटून नानासाहेबांकडे परत दिला. "हयात लेखकाला आधार म्हणून वाचता येत नाही," ते म्हणाले. "हयात वकिलाला ऐकता मात्र येतं. बोला, मिस्टर सोनटक्के."

भैयाजी बोलले ते पुस्तकाशिवाय.  मग त्यांनी खिशातून बिडीचं एक बंडल काढलं आणि समोर ठेवलं. हे तयार होतं एका खोलीत, ते म्हणाले, आणि कर बसतो त्या खोलीच्या उंबऱ्यावर. अजून विकलं नाही, कोणी ओढलं नाही. मग कर कशावर बसला? बनवण्यावर. बनवण्यावरचा कर दिल्लीचा. प्रांत आपल्या घरात धनी आहे, मान्य. पण हे घर त्याचं आहे का, हे कोणी तरी आधी पाहायला नको? तेही पाहू नये म्हटलं तर मग कोर्ट कशाला बांधलं?

नानासाहेबांनी उत्तर चांगलं दिलं. ते नेहमीच चांगलं बोलतात.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी मला हाक मारली. "शेषराव, चौथं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल."

"हो."

"त्याच्या तळटिपा मी लिहीन," नानासाहेब म्हणाले. टांग्याला खूण करून म्हणाले, "बाकी प्रकरणांच्याही." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि ते टांग्यात बसले. ग्रंथ पुढे निघाला. चांगला आहे. त्यात सोनटक्क्यांचा उल्लेख नाही, आणि माझाही.

निकाल

नागपुरात आता मला काम नव्हतं, म्हणून निकालापर्यंत मी जबलपुरातच राहिलो. काकूंनी धर्मशाळेतलं माझं सामान आणवलं. विमलने मला अधारतालकडची शेतं दाखवली आणि एकदाच विचारलं, "आपण उठणार, हे ठरवून आला होता का?" मी म्हटलं, नाही. "तेच बरं," ती म्हणाली. "ठरवून आला असता तर रात्रीतून बदललं असतं." माझं मराठी फार पुस्तकी आहे, असंही तिने सांगितलं.

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. अपील मंजूर. कर बेकायदेशीर, बंडलं परत. ती ज्या कोठारात ठेवली होती तिथे ओल होती. इस्माईल मियाँनी एक सोडून पाहिलं, बिडी पेटवली, ती विझली, पुन्हा पेटवली. "मुक़दमा तो जीत गए," ते म्हणाले, "बीड़ी नहीं जलती." पण दुसऱ्या दिवशी भैयाजींबरोबर पेढे द्यायला गेलो तेव्हा पडद्यामागून कात्र्यांचा आवाज येत होता, आणि इस्माईल मियाँना आमच्याशी बोलायला वेळ नव्हता.

निकालाची नक्कल संध्याकाळी घरी आली. भैयाजींची नजर अधू, म्हणून विमलने वाचली. मधे एक लांब परिच्छेद होता. उंबरा, बनवणं, दिल्लीचा हक्क, आणि घर कोणाचं हे कोर्टाने आधी पाहिलंच पाहिजे. सगळं भैयाजींचं, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत. सुरुवात मात्र अशी होती: 'अपीलवाल्यांच्या वकिलांचं म्हणणं आहे की', आणि शेवट, 'ते आम्हाला मान्य आहे.' सोनटक्के हे नाव निकालात कुठेच नव्हतं.

विमलने कागद खाली ठेवला. "बाबा, नाव काहून नाही लिहिलं? जे म्हटलं नाही ते तीन पुस्तकांत नावानिशी आहे."

भैयाजींनी तो परिच्छेद पुन्हा वाचायला सांगितला. तिने वाचला. ते डोळे मिटून ऐकत होते, एखादा स्वल्पविराम चुकतो का पाहावं तसे. वाचून झाल्यावर त्यांनी मान हलवली.

"बरोबर लिहिलंय," ते म्हणाले. "या खेपेला पान उलटलं कोणीतरी."